वाफे, ट्रे आणि मांजरं : हिवाळी भाजीच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

साताऱ्यात आमच्या घरामागच्या परसात तीन वाफे आहेत, प्रत्येकी आठ बाय तीन फुटांचे. काल दसरा झाला, आज पेरणी उरकली. एका वाफ्यात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर, तिसऱ्यात मुळा. धणे चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फाका केल्या आणि काल रात्री भिजत घातले होते. मिरची, टोमॅटो आणि मांजरी गोटा जातीची वांगी यांचं बी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ट्रेमध्ये टाकलं. ते ट्रे गच्चीवर, जुन्या टेबलावर.

गेल्या वर्षी ढेकळांमुळे कोथिंबीर विरळ उगवली होती. म्हणून या वेळी वरचा थर वाळूच्या चाळणीतून चाळला, त्यात शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली, वरून फळी फिरवली. अण्णा (माझे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त) बघून म्हणाले, "रांगोळी काढायची आहे का इथं?"

घरात मांजरं दोन. ठमी तीन रंगांची, चार वर्षांची. सोन्या पिवळा बोका, दीडेक वर्षाचा. दोघांचीही ऑपरेशनं झालेली. त्यांना कोंडून ठेवायचं नाही, हा मुलीचा हुकूम. तेव्हा जो काही बंदोबस्त करायचा तो बागेतच.

१५ ऑक्टोबर

मेथीत दोन खड्डे, कोथिंबिरीत एक. खड्ड्यावर माती ओढून नीट ढीग केलेला, ढिगाखाली काय ते सांगायला नको. हातमोजे घालून ते उचललं, भोवतालची ओंजळभर मातीही काढून टाकली आणि तेवढ्या जागेत पुन्हा बी टाकलं. बी वाया गेल्याचं एवढं दुःख नाही, ते स्वस्त आहे. पण उकरलेलं बी एका ठिकाणी गोळा होतं आणि बाकीचा वाफा रिकामा राहतो, हे उगवून आल्यावरच कळतं.

गच्चीवर सोन्या टोमॅटोच्या ट्रेमध्ये झोपलेला. उकरलेलं काहीच नाही, पण अंगाखालचं कोकोपीट थालीपिठासारखं थापलेलं. बी किती खोल गेलं देव जाणे.

१८ ऑक्टोबर

सल्ले देणाऱ्यांची कमी नाही. जे करून बघितलं ते लिहिते.

मोसंबीच्या साली : रसाच्या गाड्यावरून पिशवीभर फुकट आणल्या. पहिल्या दिवशी ठमीने हुंगून तोंड फिरवलं आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी साली वाळल्या. तिसऱ्या दिवशी तिने त्या बाजूला सारून खड्डा केला. उरलेल्या सालींना मुंग्या लागल्या, त्या वेगळ्या.

कॉफीचा चोथा : आमच्याकडे चिकोरीवाली कॉफी, तिचा वास काही जोरदार नाही. मांजरांवर परिणाम शून्य, चोथ्यावर मात्र पांढरी बुरशी.

निळीच्या पाण्याच्या बाटल्या : आमच्या गल्लीत कुत्र्यांनी दारात घाण करू नये म्हणून निम्म्या घरांपुढे ठेवलेल्या असतात. शेजारच्या काकूंनी मोठ्या प्रेमाने दोन भरून दिल्या. सोन्याने आधी एकीला गाल घासला, मग दुसरीला. आता त्या त्याच्या मालकीच्या झाल्या.

जे केलं नाही तेही लिहिते, कारण हे सल्ले सर्रास दिले जातात. लाल तिखट भुरभुरायचं नाही. मांजर पंजे चाटतं, पंजाने डोळे पुसतं, आणि तिखट तिथे जातं. डांबर गोळ्या नाहीत, त्यातलं नॅप्थलीन मांजराला विष आहे. फिनाईल नाही. फिनॉल जातीची द्रव्यं शरीराबाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते, त्यामुळे जमिनीवरून पंजाला लागून जिभेवर गेलेलं थोडंसंही अंगावर येतं. सिट्रोनेला, निलगिरी असली उग्र तेलंही त्याच कारणासाठी नाहीत. आणि व्हिनेगरने मांजर जाईल न जाईल, कोंब मात्र नक्की जळतील.

२० ऑक्टोबर

रविवार. पहाटे चहा घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसले. उपाय शोधण्याआधी बघणं स्वस्त पडतं.

ठमी खाऊन बाहेर आली. संध्याकाळी पाणी घातलेला मेथीचा मधला भाग तिने ओलांडला. कडेच्या सुक्या पट्ट्यात पंजा मारून बघितलं, माती सहज सुटली, तिथेच बसली. फुटलेल्या कोंबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुळ्याच्या वाफ्याची एक बाजू चाळायची राहून गेली होती, तिथे ढेकळं आहेत. तिकडे ती फिरकलीही नाही. म्हणजे रोपाशी तिचं काही वाकडं नाही. तिला बारीक, कोरडी, भुसभुशीत माती हवी, आणि अख्ख्या परसात तशी माती मी फक्त वाफ्यांतच करून ठेवली आहे.

सोन्याचं दुखणं निराळं. त्याला ऊन हवं. नऊच्या सुमाराला गच्चीवर पहिलं ऊन येतं ते नेमकं त्या टेबलावर.

शिवाय एक तिसरा आहे. काळापांढरा, गलेलठ्ठ, कोणाचाच नसलेला बोका, मागच्या भिंतीवरून येतो. गल्लीत त्याला दरोगा म्हणतात. हा खड्डा केल्यावर झाकायचीही तसदी घेत नाही, आणि जाता जाता कोपऱ्यातल्या कढीपत्त्यावर मुताचा फवारा मारून जातो. त्याचंही पाप आजवर ठमीच्या माथी जात होतं.

२३ ऑक्टोबर

ओल्या मातीत बसत नाहीत ना, मग माती ओलीच ठेवू. सकाळ, संध्याकाळ आणि रात्री झोपण्याआधी झारीने हलकं पाणी. तीन रात्री एकही खड्डा नाही.

२७ ऑक्टोबर

पाण्यावर सगळा भरवसा नको म्हणून कमानी केल्या. अण्णांनी भंगारातून ८ मिमीच्या सळईचे दीड-दीड फुटांचे तुकडे आणले आणि वाफ्याच्या दोन्ही कडांना ठोकले. त्यांच्यावर वायरिंगचा पीव्हीसी पाइप वाकवून बसवला. तीन फूट रुंद वाफ्याला पाच फूट पाइपची कमान होते, म्हणजे दहा फुटी एका पाइपात दोन. प्रत्येक वाफ्याला चार कमानी. वर ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट, केबल टायने बांधलेली. पाइप ४५० रुपये, शेडनेट ५६०, टाय ६०. अख्खा दिवस गेला, पण दिसायला झकास.

३० ऑक्टोबर

मेथी उगवली आणि पडायला लागली. जमिनीलगत देठ पाण्यासारखा मऊ होतो, तिथून बारीक होतो आणि कोंब आडवा पडतो. वरची दोन पानं हिरवीच असतात. ही रोपमर. मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशा सतत ओल मिळाली की हे करतात, आणि दिवसातून तीनदा पाणी घालून मी त्यांची सोय केली होती. वर शेडनेटमुळे ऊन कमी, वारा कमी.

पाणी एकदम कमी केलं, तेही फक्त सकाळी. पडलेले कोंब मातीसकट काढले. कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा, म्हणजे अशा बुरशांना मारणारी उपयोगी बुरशी, आणलं (१४० रुपये) आणि ओलसर शेणखतात मिसळून पसरलं. निम्मा वाफा गेलाय.

माती ओली ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मोठ्या झाडांच्या आळ्यात तो चालतो. रोपवाटिकेत नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. आठवडाभर वाफ्यात एकही खड्डा नाही. पाणी कमी करूनही नाही. शेडनेटने काम केलं. भावाला कौतुकाने दाखवलं, त्याने फोटोही काढले.

६ नोव्हेंबर

शेडनेटने काही केलेलं नाही. दिवाळीचे फटाके होते म्हणून ठमी आणि सोन्या घरात कपाटामागे दडून बसले होते, दरोगाही कुठेतरी लपला असणार. फटाके थांबले तशी मंडळी बाहेर आली.

सोन्याला शेडनेट हा त्याच्यासाठी बांधलेला झोपाळा वाटतो. दोन कमानींच्या मध्ये जाऊन बसतो, साडेचार किलो वजनाने नेट खाली झुकतं आणि कोथिंबिरीवर टेकतं. ठमीने केबल टायमधली फट शोधली आणि ती आतूनच वाफ्यात शिरली. आत कसं, चारही बाजूंनी आडोसा, वर सावली, खाली चाळलेली माती. याहून चांगला संडास तिला मी बांधून दिला नसता.

शेडनेट काढली. कमानी तशाच ठेवल्या, उन्हाळ्यात वापरता येतील. एक हजार सत्तर रुपये आणि एक रविवार.

८ नोव्हेंबर

कोंबडी जाळी. हे आधी कोणी का सांगितलं नाही?

हार्डवेअरच्या दुकानात एक इंची षटकोनी भोकांची, तीन फूट रुंदीची गॅल्व्हनाइज्ड जाळी फुटावर मिळते. २५ फूट घेतली, ५५० रुपये. ही वर ताणायची नाही, जमिनीवर आडवी पसरायची. मेथी आणि मुळ्याचे वाफे पुन्हा उकरले, बी पेरलं, त्यावर जाळी अंथरली आणि बोटाच्या पेराएवढी माती वरून टाकली. कोथिंबीर आधीच दोन-अडीच इंच वर आली होती, तिच्यावर जाळी टाकली असती तर मोडली असती. तिथे वाफ्याच्या कडेने आणि ओळींच्या मधून जाळीच्या अरुंद पट्ट्या घातल्या.

मांजर पंजा मारतं, नख तारेत अडकतं, माती सुटत नाही. झालं काम. कोंब भोकातून वर येतात.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जाळी कापली की तारांची टोकं सुईसारखी होतात, त्यामुळे चारही कडा दोन इंच खाली मुडपून घ्यायच्या, नाहीतर मांजराच्या पंजाला आणि तण काढताना आपल्या बोटांना लागतं. माझ्या तर्जनीला लागलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. दुसरं म्हणजे जाळी सैल ठेवायची नाही. कडेला फुटाफुटावर जाड तारेचे यू आकाराचे खुंटे ठोकले. सैल जाळीखाली ठमी पंजा घालते.

१० नोव्हेंबर

वाफे बंद केले म्हणजे मांजरांची गरज बंद होत नाही. कालच ठमीने तुळशीच्या कुंडीकडे बघितलं, आणि १३ तारखेला तुळशीचं लग्न. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जागा.

भाजीवाल्याकडचा जुना प्लास्टिक क्रेट, तळाला फाटकी गोणपाटं, एक बाजू करवतीने निम्मी कापलेली, म्हणजे आत शिरायला सोपं. जागा परसाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या पाखाखाली, धुण्याच्या दगडापासून लांब. त्यात शेजारच्या बांधकामावरची वाळू भरली. ठमीने एक पाय ठेवला आणि काढून घेतला.

हल्ली नदीची वाळू मिळत नाही, सगळीकडे दगड फोडून केलेली क्रश सँड. तिला कडा असतात, पंजाला टोचत असणार. गवंड्याकडून प्लास्टरसाठी चाळलेली बारीक वाळू पाटीभर आणली (१०० रुपये). त्या वाळूत वाफ्यातल्या ठमीच्याच जुन्या खड्ड्यातली थोडी माती मिसळली, म्हणजे ओळखीचा वास. दुपारपर्यंत काम झालेलं.

क्रेट रोज साफ करायचा. एक दिवस राहिला की ती परत मोकळी माती शोधायला लागते. निघालेली घाण कंपोस्टमध्ये टाकायची नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात. नणंद डिसेंबरात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे, त्यामुळे हे मी जरा कडकच लावलं आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि गरोदर बाईला त्याची नवी लागण झाली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. विष्ठा बाहेर पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी तो लागण करण्याजोगा होतो, म्हणजे रोजच्या रोज उचलणं हाच उपाय. मातीत गेला तर मात्र वर्षभरही टिकतो. म्हणून नणंदेला वाफ्यात हात घालायचा नाही, क्रेटला शिवायचं नाही, आणि भाजी वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवायची. मांजरांना घराबाहेर काढा म्हणणाऱ्या आत्याबाईंना डॉक्टरांनी परस्पर समजावलं, ते बरं झालं.

१६ नोव्हेंबर

आजचा गोंधळ मजेशीर. पावसानंतर परसात खोकली माजली होती. दातेरी पानांचं, गुडघ्याएवढं तण, देठाशी हिरव्या वाट्यांसारखी फुलं. ती मुळासकट उपटून मुळ्याच्या वाफ्याकडेला ढीग केला आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर ठमी, सोन्या आणि दरोगा तिघंही ढिगात. लोळताहेत, मुळांवर गाल घासताहेत, चावताहेत, सोन्याच्या तोंडातून लाळ गळतेय. एरवी दरोगा दिसला की ठमी शेपूट फुलवते, आज शेजारी आडवी पडलेली. लोळता लोळता त्यांनी जाळीची एक बाजू खुंट्यासकट उपसली आणि वितभर लांबीतले मुळ्याचे कोंब सपाट केले.

खोकलीचं ताजं मूळ मांजरांना असं वेडं करतं. झाड जमिनीत असेपर्यंत काही नाही, उपटलं की वास सुटतो. म्हणून वाफ्याजवळचं हे तण उपटून तिथेच टाकायचं नाही, लगेच लांब न्यायचं. आणि उलट उपयोगही होतो. दोन मुळं क्रेटशेजारी ठेवली, संध्याकाळपर्यंत वाफ्यांकडे कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी मूळ वाळलं की जादू संपते. चावून गिळायला लागले की मी उचलून टाकते.

हाडांच्या पुडीचं खतही याच कारणाने या वर्षी आणलं नाही. गेल्या हंगामात गुलाबाच्या आळ्यात घातलं होतं, रात्रभर उकराउकर.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि अण्णांनी वेल्डिंग मशीन काढलं.

गच्चीवरच्या ट्रेंसाठी आतापर्यंत भाजीचे क्रेट पालथे घालून वर वीट ठेवत होते. सोन्या आत जाऊ शकत नव्हता हे खरं, पण क्रेटच्या जाड पट्ट्यांमुळे ऊन अडलं आणि टोमॅटोची रोपं उजेडासाठी लांबोडी झाली. काडीसारखी उंच, फिकट, हात लावला की लवणारी. ऑक्टोबरातली पहिली खेप दाबली गेली होती, ही दुसरी खेप अशी गेली. मिरची हळू वाढते, तिचं तितकं बिघडलं नाही.

आता तीन बाय दोन फुटांची लोखंडी पट्टीची चौकट, उंची एक फूट, पाच बाजूंनी एक इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची ताठ जाळी). तार बारीक, त्यामुळे सावली पडतच नाही म्हटलं तरी चालेल. वजन इतकं की मांजर ढकलू शकत नाही, आणि पाणी वरूनच झारीने घालता येतं. वेल्डमेश आणि पट्टी मिळून ६५० रुपये, मजुरी घरची. भंगारवाल्याकडे जुन्या फ्रिजच्या तारेच्या जाळ्या मिळाल्या तर याहून स्वस्तात होईल. आम्हाला एकच मिळाली, ती कोपऱ्यातल्या वांग्यांवर आहे.

सोन्या आता चौकटीवर चढून बसतो. बसू दे, वेल्डमेश झुकत नाही. फक्त त्याची सावली पडते. म्हणून टेबलाच्या बाजूला, त्याच उन्हात, गोधडीचा तुकडा घालून एक खोका ठेवला. दोन दिवस त्याने आत येऊन बसण्याची कृपा केली नाही. मुलीने तिचा जुना स्वेटर आत टाकला, तेव्हा गेला.

१ डिसेंबर

वांगी आणि मिरचीची रोपं चौथ्या वाफ्यात (हा नवा, भिंतीलगत) आणि दहा कुंड्यांमध्ये लावली. टोमॅटोची तिसरी खेप अजून ट्रेमध्ये.

लावलेल्या रोपांना जाळी नको. एकेका रोपाभोवती मोकळी माती असते तेवढीच झाकायची. कुंड्यांत नारळाच्या करवंट्या फोडून तुकडे पालथे अंथरले. उताणे ठेवले तर त्यात पाणी साचून डास होतात. करवंट्या पुरल्या नाहीत तिथे विटांचे तुकडे. वाफ्यात खराट्याच्या काड्या, वीतभर उंच, चार-चार बोटांवर उभ्या खोचल्या. मांजराला गोल फिरून बसायला जागा लागते, काड्यांमध्ये ती मिळत नाही. टोकदार टोक खाली, जाड टोक वर, म्हणजे डोळ्याला इजा नको. नवाकोरा खराटा मोडला म्हणून सासूबाई दिवसभर बोलत होत्या.

काड्यांचा एक तोटा लक्षात आला. खुरपणी करताना सगळ्या काढाव्या लागतात, पुन्हा खोचाव्या लागतात. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. रोप टाचेपासून गुडघ्यापर्यंत आलं आणि खालची माती पानांनी झाकली की मांजरांना त्या जागेत रस राहत नाही.

कांद्याचं रोपही टाकायचं होतं, ते रद्द. ठमी गवतासारखं दिसेल ते चावते, गवती चहाची टोकं कायम कुरतडलेली असतात. कांदा, लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्यापेक्षा एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरून तिला तो खायला दिला. आठवड्यात हिरवागार झाला, रोज जाऊन चरते.

१० डिसेंबर

मेथी काढणीला आली आणि नवीनच पंचाईत. आपण मेथी मुळासकट उपटतो. इथे मुळं जाळीखाली, पानं जाळीवर. जुडी धरून ओढली की अख्खी जाळी वर येते आणि शेजारच्या जुड्याही सैल होतात. शेवटी कात्रीने जमिनीच्या वर दोन बोटं ठेवून कापली. भाजीवाली देते तशी जुडी दिसत नाही, पण माती कमी लागते, निवडायला सोपी पडते, आणि खोडाला पुन्हा फुटवा येतोय. आमच्याकडे आता असंच चालू.

२२ डिसेंबर

मुळा. इथे मात्र जाळीने चांगलाच इंगा दाखवला. एक इंची भोकातून कोंब वर आला तेव्हा बरं वाटलं होतं, पण मुळ्याचा खांदा जमिनीशी दीड-पावणेदोन इंच जाड होतो. तारेत अडकून काही मुळे चिमटलेल्या कमरेचे झाले, काहींच्या सालीत तार रुतून तिथून ते कुजले. उपटायला गेलं की पानं हातात आणि मुळा जमिनीत. अण्णांनी पक्कड आणि तार कापायची कात्री घेऊन एकेका मुळ्याभोवतीची जाळी कापली. चार-पाच किलो मुळ्यांसाठी दोघांची अख्खी सकाळ, आणि आठ फूट जाळीची चाळण झाली.

मुळा, गाजर, बीट लावणार असाल तर जाळी फक्त कोंब चार पानांवर येईपर्यंत ठेवा आणि मग काढा. पानं लहान असताना ती भोकातून सहज मागे सरकतात. किंवा सुरुवातीलाच ओळीच्या जागी जाळी कापून चार बोटांची फट ठेवा. मी पुढच्या खेपेला दुसरा उपाय करणार आहे, कारण चार पानांवर आल्याचं लक्षात राहत नाही.

५ जानेवारी २०२५

ठमी क्रेट वापरते. सोन्या कुठे जातो माहीत नाही, पण वाफ्यात नाही. दरोगा मात्र अजून येतो. जाळीमुळे उकरत नाही, तर गच्चीवरच्या चौकटीवर फवारा मारतो. टोमॅटोच्या रोपांवर तो पडला तर पानं करपतात. चौकट रोज साध्या पाण्याने धुते, वास राहिला की तो पुन्हा त्याच जागी येतो. गल्लीतल्या तिघांनी मिळून त्याच्या नसबंदीचे पैसे काढायचं ठरवलं आहे, पशुवैद्यांनी पिंजरा द्यायचं कबूल केलं आहे. बोक्याची नसबंदी झाली की फवारणी बहुतेक वेळा कमी होते, भटकणंही. लगेच नाही, काही आठवडे जातात. पकडायला सुकट लावणार आहोत. खोकली हाताशी असती तर तीच लावली असती, पण या दिवसांत वाळून गेली.

१२ जानेवारी

खर्च मांडला. वाया गेलेले : शेडनेट, पाइप, टाय मिळून १,०७०. उपयोगी पडलेले : कोंबडी जाळी ५५०, चौकट ६५०, वाळू १००, ट्रायकोडर्मा १४०. बियांचे पैसे तीनदा गेले, तरी सगळे मिळून ३०० च्या आत. वेळेचं विचाराल तर मेथी दिवाळीत खायला मिळायला हवी होती ती डिसेंबरात मिळाली, आणि टोमॅटो अजून ट्रेमध्येच आहे, लावायला उशीर झालाय.

कोणी आजच सुरुवात करणार असेल तर क्रम असा ठेवा. पेरणीच्या आधी आठ दिवस वाळूचा क्रेट भरून ठेवा, मांजराला तिथली सवय लागू द्या. मग पेरा, आणि पेरल्या दिवशीच जाळी अंथरा, दुसऱ्या दिवशी नको. मांजराला उकरायला एक रात्र पुरते.

उद्या भोगी. कोथिंबीर आणि कुंडीतल्या दोन हिरव्या मिरच्या घरच्या, बाकी भाजी मंडईतून. मुळ्याच्या वाफ्यातली फाटकी जाळी काढून ठेवली आहे. तिचे फूटभर तुकडे करून फेब्रुवारीत काकडी आणि दोडक्याच्या आळ्यांवर टाकायचे, मधोमध चार इंची भोक कापून. अण्णांनी दोन कापलेही.